चोरीची कॉपी

लायसन नूतनीकरणाच्या तपासणीत डॉक्टरांनी पडदा दत्तारामकडे वळवला. वर्षभराचा आलेख खाली खाली उतरत गेला होता.

“ब्रेक मारायला तुमचा पाय उशीर करतोय. यापुढे बस चालवता येणार नाही.”

“हे मोजलं कधी? मी तर आजच आलोय.”

“घरी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळता ना? त्यात. कंपनीने ती माहिती आम्हाला विकली.”

दत्तारामला हसूच आलं. “अहो, माझी कॉपी चोरीची आहे. कंपनीला माझं नावही ठाऊक नाही.”

“चोरीच्या कॉप्या कंपनीच वाटते,” डॉक्टर म्हणाले. “विकत घेणाऱ्याची माहिती विकायला कायद्याने बंदी आहे. चोरणारा तक्रार कुठे करणार? कॉपी ओळखीच्या माणसाकरवी येते. नावही तोच कळवतो आणि माणशी कमिशन घेतो.”

दत्तारामचं हसू विरलं. कॉपी शशीने आणली होती, डेपोत वीस वर्षं सोबत बस चालवणाऱ्या मित्राने. ब्रेकचं पेडलही त्यानेच जोडून दिलं होतं. रोज संध्याकाळी तो शेजारी बसून चहा प्यायचा. “ये, एक डाव तू खेळ,” म्हटलं की पाय वर घेऊन खुर्चीतच मांडी घालायचा.

“नको रे, तूच खेळ. मला बघायलाच मजा येते.”