किसणी

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मॉनिटरने फळ्यावर आजचं नाव लिहिलं : किसणी.

भूगोलाच्या बाईंनी वादळं शिकवली तेव्हापासून नववीच्या वर्गात दुसरा खेळच नव्हता. वादळ तेच, पण एका समुद्रात ते हरिकेन, दुसऱ्यात टायफून, तिसऱ्यात चक्रीवादळ. वर्गात बाकांच्या रांगाही तीनच! म्हणून खिडकीकडच्या मुली ओरडायच्या हरिकेन, मधल्या टायफून, दाराकडच्या चक्रीवादळ. नावं रांगांनी आळीपाळीने द्यायची, तीही स्वयंपाकघरातली. झारा झाला, चाळणी झाली. वादळ मात्र दर वेळी एकच, वर्गातली रडूबाई टिपूस. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की नुसता कमी दाबाचा पट्टा. त्याला नाव मिळत नाही. हुंदका फुटला, की मिळालंच.

आज टिपूस रडणार नव्हती. जीव गेला तरी. "उद्या रडली नाहीस तर सुटलीस," मॉनिटरने काल सगळ्यांसमोर शब्द दिला होता.

"अगं बाई, केस कुणी कापले तुझे? उंदरांनी?" खिडकीकडून सुरुवात झाली.

बाकावरच्या शेजारणीने नेहमीसारखा बाकाखालून रुमाल सरकवला. मोठा, निळ्या चौकटींचा. "घट्ट धर. त्यांच्याकडे बघूच नकोस," ती पुटपुटली.

टिपूसने रुमाल मुठीत आवळला. मुलींनी तिच्या पुढे आलेल्या दातांचा विषय काढला, गणितातल्या मार्कांचा काढला, स्नेहसंमेलनात गाणं विसरून ती कशी खांबासारखी उभी राहिली त्याची नक्कल केली. टिपूस ढिम्म. डोळे कोरडे ठणठणीत.

"सुटलीस बाई," मॉनिटर शेवटी म्हणाली. पण हातातला खडू काही तिने ठेवला नाही. "मग आता किसणीचं काय करायचं? एवढं छान नाव वाया घालवायचं?"

सगळ्यांच्या नजरा वर्गभर फिरल्या आणि हळूहळू पुन्हा टिपूसवर येऊन थांबल्या.

"हा रुमाल बघा," ती एकदम म्हणाली. आपला आवाज एवढा मोठा आहे, हे तिलाही ठाऊक नव्हतं. "हिच्या बाबांचा आहे. ते घर सोडून गेलेत ना, तेव्हापासून ही रोज उशाशी घेऊन झोपते. हिनेच सांगितलंय मला."

शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कमी दाबाचा पट्टा!" टिपूस बाकावर चढून ओरडली.

मग हुंदका फुटला. तिन्ही रांगांनी आपापली आरोळी ठोकली. "चक्रीवादळ किसणी!" दाराकडच्या रांगेत टिपूसचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

शेजारणीने बाकाखाली हात पुढे केला. रुमाल टिपूसच्या मुठीत होता. ती तो डोक्यावर गरागरा फिरवत होती.