काळ्या राज्याची राणी

लग्नानंतर ती लिहायला लागली ती बाथरूममध्ये, नळ सोडून. आतून कडी लावता येईल असं घरात तेवढं एकच दार होतं. बाकी सगळ्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला. फोन कुणाचा आला, साखर एवढी लवकर कशी संपली, मघाशी हसलीस ती कशाला, सगळ्याचा जाब द्यावा लागे.

त्या बाथरूममध्येच तिच्या कादंबरीतली काळ्या राज्याची राणी जन्माला आली. माणसांच्या सावल्या कुलपात ठेवणारी, कुणी हसलं की त्याचा आवाजच काढून घेणारी.

कादंबरी गाजली. जो तो विचारायचा, "इतकी भयंकर बाई सुचली तरी कशी?"

"कल्पनाच हो सगळी," असं म्हणून ती विषय बदलायची. घरात मात्र तिने पुस्तकाची एक प्रतही ठेवली नव्हती.

एका दुपारी सासूबाईंनी हाक मारली. त्यांच्या मांडीवर तेच पुस्तक होतं, शेजारणीकडून मागून आणलेलं, वाचून संपवलेलं.

"ही राणी कोण, ते मी पहिल्या पानावरच ओळखलं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, अहो, ते म्हणजे..." सून पुस्तक घ्यायला पुढे झाली.

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले.



"अगदी माझ्या सासूबाई गं! तू तर त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाहीस, मग इतक्या हुबेहूब कशा जमल्या तुला?"