मदनसरांचं पठण

सांगलीच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मदनसर दर मे महिन्यात प्राकृतचा वर्ग घ्यायचे. कराडपासून मिरजेपर्यंतच्या पोरांच्या दोन पिढ्या तिथं बसून गेल्या. वर्गातला आमरस सगळ्यांच्या लक्षात राहिला. प्राकृत मात्र प्रार्थनेपुरतं उरलं.

यंदा सरांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची मराठी पार पुसली गेली. तोंडून निघायचं ते फक्त प्राकृत.

जुने विद्यार्थी भेटायला आले तेव्हा दिवस कलला होता. सर प्रत्येकाकडे बघून एकच ओळ म्हणत होते. आधी हळू, मग मोठ्यानं, मग रडत.

"गप बसा रं, अण्णा मंत्र म्हणत्यात," त्यांचा मुलगा भरतेश म्हणाला.

सगळ्यांनी हात जोडले. सरांच्या जुन्या विद्यार्थिनी गुणमालाताईंनी तर त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. कुणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. दिवस मावळला तसा भरतेशनं उशाजवळचा पाण्याचा तांब्या उचलून आत नेला. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेण्याचा अण्णांचा जन्माचा नेम होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याच वेळेला दर्शनाला गर्दी होऊ लागली. सर रोज तीच ओळ म्हणायचे, लोक रोज हात जोडायचे.

पंधरवड्यात सर गेले. व्हिडिओ मात्र फिरत राहिला, आणि एक दिवस भरतेशला धारवाडहून प्राकृतच्या एका प्राध्यापकांचा फोन आला.



"अहो, दिवस मावळायच्या आत घोटभर पाणी द्या म्हणून विनवताहेत ते. दिलंत ना?"