वर केलेली बाही

थोरल्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. ‘रक्त लागेल, ये,’ असा त्याचा निरोप मिळताच कित्येक वर्षांचा अबोला विसरून धाकटा धावत आला आणि बाही वर करूनच बाहेर बसला.

सर्जनबाई हसत आल्या. “बाहेरचं रक्त लागलंच नाही! त्यांचंच सांडलेलं गोळा केलं, यंत्रात धुतलं, त्यांनाच परत दिलं.”

“देव पावला!” वहिनीने हात जोडले. “अहो भावजी, तुमचं तोंड का पडलं?”

“माझं कामच उरलं नाही, वहिनी.”

थोरला शुद्धीवर आला, तेव्हाही बाही वरच होती. “खाली कर ती. रक्त बहुतेक लागणार नाही, हे बाईंनी मला आधीच सांगितलं होतं.”

“मग तसा निरोप का धाडलास, दादा?”

“नुसतं ‘ये’ म्हटलं असतं, तर आला असतास, गाढवा?”