चाकाखालचं लिंबू

दसऱ्याच्या सकाळी गाडीला कुंकू कोणी लावायचं, ते प्रतिमाने ठरवून टाकलं. मान पाहुण्यांचा, असं म्हणून तिने तबक श्रीनिवास केळकरांच्या हातात दिलं. केळकर म्हणजे ब्रेकच्या तक्रारी पाहायला गाडीच्या कंपनीने चंदीगडला पाठवलेले इंजिनियर.

गाडी धिप्पाड होती. आठ माणसं आत, ट्रंका टपावर, आणि खुशाल शिमल्यापर्यंत चढा. स्क्वाड्रन लीडर श्यामसुंदरने ती नंबर लावून, वाट पाहून पाहून मिळवली होती. तिच्याबद्दल कोणी वावगं बोललेलं त्याला खपत नसे. बायको बोलली तर मुळीच नाही.

आणि प्रतिमा बोलली होती. मागच्या महिन्यात ती गाडी चालवत असताना ब्रेकचं पेडल पायाखाली थेट तळाला गेलं आणि गाडी गोल चौकातल्या गुलाबांच्या वाफ्यात शिरली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून किल्ली श्यामसुंदरच्या खिशात गेली आणि मेसमध्ये हसायला एक विषय झाला. शेजारच्या डॉक्टर संधूंकडे अशीच गाडी होती. त्यांनी कुंपणापलीकडून सांगितलं, "भाभीजी, मेरी भी नहीं रुकी थी." जवळच्या मनीमाजऱ्याच्या एका बियाणेवाल्याचीही तीच तक्रार होती. श्यामसुंदरचं म्हणणं, दोघांनीही आधी आपले ड्रायव्हर बदलावेत.

केळकर आले, सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आले आणि ब्रेक उत्तम आहेत म्हणाले. काल रात्री प्रतिमाच्याच हातची बटाट्याची भाजी परत मागून घेता घेता असंही म्हणाले, की घाईत वहिनींचा पाय क्लचवर पडला असेल. श्यामसुंदरला हायसं वाटलं. एवढ्या परमुलखात आपला माणूस भेटला, तो कशाला खोटं बोलेल? प्रतिमाला संताप आला, पण पाहुण्याच्या ताटात तिने भाजी वाढली. तिला खुपत होतं ते वेगळंच. ब्रेकना एवढी शाबासकी देणारा हा माणूस प्रत्येक वेळी सायकलरिक्षाने आला होता. न्यायला गाडी पाठवतो म्हटलं, तर नको, कशाला त्रास!

उद्या मुलांना घेऊन कसौलीला जायचं होतं. याच गाडीने घाट चढायचा आणि याच गाडीने उतरायचा. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता.

गॅरेजपुढची फरशी फाटकाकडे चांगलीच उतरती होती. गाडी फाटकाकडे तोंड करून उतारावर उभी होती. वायपरमध्ये कचनारची पानं खोवली होती, कारण आपटा इकडे मिळत नाही आणि पानं त्यातल्या त्यात तशीच दिसतात. यांच्या घरची रीत अशी, की इंजिन चालू ठेवायचं, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवायची, समोरून ओवाळायचं, नारळ फोडायचा आणि मग गाडी पुढे घेऊन लिंबं चिरडायची. श्यामसुंदर आत बसला. इंजिन चालू करून त्याने हँडब्रेक सोडला आणि ब्रेकवर पाय दाबून धरला.

हँडब्रेक असू द्या की, केळकर म्हणाले. पाय आहे ना ब्रेकवर, श्यामसुंदर हसून म्हणाला.

केळकरांनी हार बाजूने हात लांबवून घातला. कुंकू मडगार्डला लावलं. बॉनेटला लावायचं असतं, समोरून, असं प्रतिमाने सांगितलं. हो हो, म्हणत ते लिंबं ठेवायला वाकले आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिले. उठले तेव्हा दोन्ही चाकांपुढे एकेक लिंबू होतं आणि लिंबापुढे फुलांच्या वाफ्याची एकेक वीट.

"आमच्यात वीट नाही ठेवत, भावजी," प्रतिमा म्हणाली.

"असू द्या वहिनी. खबरदारी."

"कसली?"

केळकर तबकातल्या अक्षता सारख्या करू लागले. श्यामसुंदरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आधी त्याला गंमत वाटली. मग तो विटांकडे पाहत राहिला. मग त्याने पायाखालचं पेडल पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"केळकर, विटा काढा," तो म्हणाला. "आणि समोर उभं राहून ओवाळा. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला, ते मला कळतं."

केळकर मडगार्डपाशीच उभे राहिले.

आधी इंजिन बंद करा, ते म्हणाले. आवाज इतका खाली आला होता, की प्रतिमाला त्यांची क्षणभर कीव आली. क्षणभरच.

श्यामसुंदरने इंजिन बंद केलं. हँडब्रेक जोर लावून ओढला. पण तो खाली उतरला नाही. बायकोकडे बघायची त्याला लाज वाटत असावी. समोरच्या काचेतून फाटकाकडे बघतच तो म्हणाला, "प्रतिमा, मुलं फाटकाशी प्रसादाला थांबली असतील. त्यांना बाजूला घे."

प्रतिमाने केळकरांच्या हातून तबक काढून घेतलं. मुलं तिने सकाळीच डॉक्टर संधूंच्या घरी नेऊन बसवली होती.