मजबूत मोबाईल

मंगरूळपीरच्या वैजयंतीची सॉफ्टवेअर कंपनी म्हणजे दोन खोल्या, तीन माणसं आणि छप्परफाड हिंमत. गावोगावच्या दुकानदारांना बिलाचं ॲप शिकवत फिरायची साधना, आणि कंपनीचा मोबाईल फुटायचा तो तिच्याच हातात. दर वेळी एकच उत्तर, "हातून पडला, मॅडम."

"आता असा घेऊ, का पडून पडून तोच थकला पाह्यजे!" म्हणत वैजयंती तिला घेऊन इस्माईलचाचांच्या दुकानात धडकली.

चाचांनी एक जाडजूड मोबाईल पुढं सरकवला. "तोडून दाखव बेटी. फुटला तं पैसे नको देऊ."

वैजयंतीला तेवढंच पाहिजे होतं! तिनं तो फरशीवर आपटला. भिंतीवर भिरकावला. मग शेजारच्या चहावाल्याचा बत्ता आणून काचेवर दणादण घाव घातले. रस्त्यावरची पोरं शिट्ट्या मारू लागली, चाचांनी कानांवर हात ठेवले, पण काचेला साधा ओरखडा नाही. साधना तेवढी प्रत्येक दणक्याला डोळे गच्च मिटून मागं मागं सरकत होती.

धापा टाकत वैजयंतीनं मोबाईल तिच्या हातात कोंबला. "घे! आता याले कोनी माईचा लाल फोडू शकत नाही."

साधनानं तो अलगद काउंटरवर ठेवून दिला.

"मले फुटनाराच द्या, मॅडम," ती हळूच म्हणाली. "मोबाईल फुटला, का मंग आमच्या यांचा हात थांबते."