बंदोबस्तातली लस

दगड नर्सबाईंच्या कपाळावर बसला आणि भळाभळा रक्त वाहू लागलं.

"मीच मारला," उंबऱ्यातली म्हातारी म्हणाली. "मागे असाच लशीचा डबा आला, तेव्हा त्याच्यामागून पोलीस घुसले. आमच्या जमातीची तरणी पोरं गुरांसारखी बडवत नेली."

"आज्जी, मी फक्त लस द्यायला आलेय."

"मग कोपऱ्यावर पोलिसांची गाडी कशाला?"

"माझ्या संरक्षणासाठी."

"कुणापासून?"

नर्सबाईंनी वळून कोपऱ्यावरच्या गाडीकडे पाहिलं. मग त्यांनी तोच दगड उचलला आणि गाडीच्या काचेवर भिरकावला. पोलिसांनी त्यांना झिंज्या धरून फरफटत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली पोरं कडेवर घेऊन चौकीसमोर ठाण मांडून बसली. म्हातारी दरडावत होती, "सोडा आमच्या बाईला! पोरांना टोचायचं राहिलंय."